एक चुकलेली शिट्टी

(बी. एस्सी., अंतिम वर्ष)

शिट्टी ही तशी क्षुल्लक वस्तू. खेळाच्या सामानाच्या दुकानात गल्ल्याजवळ घोसाने टांगलेली असते आणि दोरीसकट विकत मिळते. पण ती एकदा गळ्यात पडली की माणूस आपोआप ताठ चालू लागतो. निदान माझे तरी तसे झाले. बास्केटबॉल मला शाळेपासून आवडतो. पण उंचीने दगा दिला आणि वेगाने तिला साथ दिली. त्यामुळे संघात माझी जागा कायम बाकावर. शेवटी दुसऱ्या वर्षी आमच्या फिजिकल डायरेक्टर सरांनीच माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली. म्हणाले, "खेळायला जमत नाही, तर बघायला तरी शीक." मला वाटले, बघणे हे खेळण्यापेक्षा सोपे असते. ते तसे नसते, एवढेच सांगण्यासाठी हा लेख.

आंतरवर्गीय स्पर्धेचा अंतिम सामना बी. कॉम. आणि बी. ए. यांच्यात होता. मी सायन्सचा, म्हणजे तटस्थ, म्हणून दोन पंचांपैकी एक मी. बी. कॉम.चा कप्तान माझा जवळचा मित्र. तो खानापूर रस्त्यावरच्या गावचा. त्याची आणि माझी लाल बस एकच, आणि अनेकदा बाकही एकच. पण मैदानात मित्र नसतो, असे मी आदल्या रात्री स्वतःला दहा वेळा बजावून ठेवले होते. आता वाटते, ते बजावणेच कुठेतरी नडले.

सामना चांगला रंगला. सिमेंटच्या कोर्टाभोवती मुले दाटीवाटीने उभी होती. अर्धा आरडाओरडा मराठीत, अर्धा कन्नडमध्ये. 'शॉट', 'फाउल' आणि 'स्टेप' हे तीन शब्द मात्र दोन्ही भाषांत सारखेच! शेवटचे अर्धे मिनिट उरले तेव्हा बी. कॉम. एका गुणाने मागे होते. माझा मित्र डावीकडून चेंडू टप्पे घेत आत शिरला, उडाला आणि समोरच्या उंच खेळाडूच्या हातावरून त्याने चेंडू रिंगकडे फेकला. हात चुकवायचा म्हणून चेंडू जास्तच उंच गेला. तो रिंगला लागला नाही, बोर्डलाही लागला नाही, दोन्ही ओलांडून पलीकडे आला. मित्र जमिनीवर आला होताच. तो तसाच दोन पावले धावला आणि चेंडू खाली पडण्याआधी त्याने तो झेलला.

मी शिट्टी वाजवली.

त्याने झेललेला चेंडू रिंगमध्ये टाकलाही. पण शिट्टीनंतरच्या बास्केटला अर्थ नसतो. शिवाय शिट्टी ऐकून बी. ए.ची पोरे हात खाली सोडून उभी राहिली होती, म्हणून ती बास्केट झालीच असती असे मी म्हणत नाही. पण संधी होती, आणि ती मी काढून घेतली. मी दोन्ही मुठी एकमेकींभोवती सूत गुंडाळल्यासारख्या फिरवल्या. ही ट्रॅव्हलिंगची खूण. बाकावरून ओरडा झाला, "शॉट इत्तु री सर, शॉट!" दुसऱ्या बाजूने, "काय बे, शॉट होता की तो!" मित्र माझ्याजवळ आला. "काय दिलास?" एवढेच त्याने विचारले. मी म्हटले, "ट्रॅव्हलिंग." त्याने मान हलवली, चेंडू माझ्या हातात दिला आणि आपल्या पोरांना हाताने गप्प केले. सामना बी. कॉम. एका गुणाने हरले. मी गुणपत्रकावर सही केली. आपण मित्राचाही मुलाहिजा ठेवला नाही, याचा त्या संध्याकाळी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

तो अभिमान सोमवारपर्यंत टिकला. सोमवारी सरांनी जिमखान्याच्या खोलीत बोलावले. सर कानडी घरचे. पण मराठी बोलतात ती अस्सल बेळगावी. त्यांनी बसायला सांगितले नाही.

"काय बघितलास ते सांग. काय वाटलं ते नको."

मी सांगितले. तो उडाला, त्याने चेंडू फेकला, चेंडू कशालाही लागला नाही, त्यानेच परत धरला.

"फेकताना त्याचं तोंड कुणीकडं होतं?"

"रिंगकडे."

"हात?"

"रिंगकडेच."

"मग तो काय होता?"

"शॉट," मी म्हटले, आणि म्हणताना माझा आवाज खाली गेला.

"मग शिट्टी कशाची?"

मी म्हटले, "सर, स्वतःचा शॉट रिंगला किंवा बोर्डला न लागता स्वतःच पहिल्यांदा धरला तर ट्रॅव्हलिंग असतं. मी मोबाईलवर बघितलंय." सरांनी टेबलाच्या खणातून नियमपुस्तक काढले आणि माझ्यापुढे सरकवले. "तू बघितलास ते अमेरिकेतल्या एन.बी.ए.चं. आपण खेळतो ते फिबाचं. वाच."

वाचकहो, मी वाचले. जे वाचले ते दोन वाक्यांत मावते. ट्रॅव्हलिंग म्हणजे जिवंत चेंडू हातात धरलेला असताना पाय नियमाबाहेर हलणे. आणि शॉटसाठी चेंडू हातातून सुटला की त्या क्षणी त्याच्यावर त्या खेळाडूचा काय, त्याच्या संघाचाही ताबा उरत नाही. म्हणजे माझा मित्र जेव्हा ती दोन पावले धावला, तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतेच. चेंडू कुणाचाच नव्हता. बेवारशी चेंडूमागे दहाही जण हवे तेवढे धावू शकतात, आणि त्या दहांत तो फेकणाराही असतो. झेलल्यावर तो पुन्हा शॉट मारू शकतो, पास देऊ शकतो, नव्याने टप्पेही घेऊ शकतो. एन.बी.ए.चा नियम खरोखरच वेगळा आहे. तिथे फेकणाऱ्याने असा चेंडू पहिल्यांदा शिवता कामा नये. गंमत अशी की त्याच अमेरिकेत शाळा-कॉलेजांच्या खेळात खऱ्या शॉटला आपल्यासारखीच मुभा आहे. मी एका घरचा कायदा दुसऱ्या घरात लावला होता.

"नजर चुकली तर मी बोलत नाही," सर म्हणाले. "माझीबी चुकते. पण तुझी नजर बरोबर होती. तुझं पुस्तक चुकलं. पंचाचं पुस्तक चुकून चालत नाही."

त्या दिवसापासून मी ते पुस्तक अभ्यासाच्या पुस्तकांपेक्षा जास्त वाचले, हे माझ्या सेमिस्टरच्या गुणांवरून कुणाच्याही लक्षात येईल. वाचता वाचता एक गोष्ट उमगली. या खेळात पायांचे नियम एवढे कडक का, हे त्याच्या जन्मकथेत आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद जागेत खेळता यावा म्हणून हा खेळ रचला. पीचची फळे ठेवायच्या दोन टोपल्या, एक फुटबॉल, एका बाजूला नऊ खेळाडू आणि तेरा नियम, एवढेच भांडवल. धावणाऱ्याच्या हातात चेंडू असला की दुसरे त्याला पाडणार, हे त्याला फुटबॉलवरून ठाऊक होते. म्हणून त्याने मुळावरच घाव घातला. चेंडू घेऊन धावायचेच नाही. जिथे धरला तिथूनच फेकायचा. पण त्याच तिसऱ्या नियमात त्याने एक सवलत ठेवली. जो वेगात धावत असताना चेंडू झेलतो आणि थांबण्याचा प्रयत्न करतो, त्याला थोडे सांभाळून घ्यावे. धावता माणूस खांबासारखा एकदम उभा राहू शकत नाही, हे नियम करणाऱ्याला माहीत होते. आजचे सगळे पावलांचे शास्त्र त्या सवलतीतून वाढले आहे.

उभ्याने चेंडू धरला तर एक पाय जमिनीला रोवलेला हवा. कंपासचे टोक कागदात रोवून आपण पेन्सिल फिरवतो, तसा तो पाय टोकासारखा आणि दुसरा पेन्सिलीसारखा. टप्पा सुरू करायचा तर रोवलेला पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. शॉट किंवा पास द्यायचा तर पाय उचलून उडता येते. पण परत जमिनीवर येण्याआधी चेंडू सुटला पाहिजे. धावत्याला दोन पावले. आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून फिबाने हेही स्पष्ट केले की धावताना चेंडू हातात येतो त्या क्षणी जो पाय जमिनीवर असतो तो मोजायचा नाही. त्यानंतर पडणारे पाऊल पहिले. म्हणून कडेची मुले तीन पावले मोजून "स्टेप! स्टेप!" ओरडतात तेव्हा त्यांचे गणित बरोबर असते, पण सुरुवात चुकलेली असते. मोजणी पायापासून नव्हे, हातापासून सुरू होते. आधी चेंडू हातात स्थिर झाला का ते पाहायचे, मग पाय.

पुढच्या आठवडाभर सर संध्याकाळी रिकाम्या कोर्टवर मला उभे करीत आणि नियम अंगावर करून दाखवीत. एकदा म्हणाले, "उडी मार, शॉट घे." मी उडालो. त्यांनी वरच्या वर चेंडूवर पंजा घट्ट दाबला. मी चेंडूसकट खाली आलो. "काय झालं?" मी म्हटले, "ट्रॅव्हलिंग. चेंडू न सोडता खाली आलो." "नाही. मी दाबून धरलो म्हणून आलास. दोघांचा चेंडू, जंप बॉल." मग पुन्हा उडवले. या वेळी त्यांनी हात नुसता वर केला, चेंडूला लावला नाही. मी बिचकलो आणि चेंडू धरून खाली आलो. "आता?" आता मात्र ते ट्रॅव्हलिंगच होते. मला कुणी अडवले नव्हते. मी भ्यालो होतो. त्या दोन उड्या बाहेरून अगदी सारख्या दिसतात. मधे फक्त एका पंजाचे अंतर असते, आणि ते पंचाने पाहायचे असते.

तसेच पडण्याचे. चेंडू हातात असताना खेळाडू घसरून पडला आणि सिमेंटवर फरफटत गेला तर तो गुन्हा नाही. बिचाऱ्याचे गुडघे फुटलेच आहेत. पण चेंडू धरूनच लोळण घेतली किंवा उठायचा प्रयत्न केला तर गुन्हा. तसेच बोर्डचे. टप्पे थांबवल्यावर कुणी मुद्दाम चेंडू समोरच्या बोर्डवर आपटून परत धरला, तर पोरे हमखास ओरडतात. पण ते चालते. त्याने मग शॉट मारावा किंवा पास द्यावा, फक्त टप्पे पुन्हा सुरू करू नयेत.

आणि फाउलचे? शॉट मारताना धक्का बसला आणि चेंडू रिंगमध्ये गेला नाही, तर दोन किंवा तीन फ्री थ्रो. शॉटची क्रिया सुरूच झाली नसेल, तर बहुधा नुसता बाहेरून चेंडू. म्हणजे 'हा शॉट होता का?' या एका प्रश्नाच्या उत्तरावर सामना फिरतो. पुस्तक सांगते की चेंडू हातातून सुटलाच पाहिजे असेही नाही. समोरच्याने हात धरून ठेवला म्हणून सुटला नसेल, तरी प्रयत्न तो प्रयत्नच.

इथे मी अडलो. सरांना विचारले, "पण सर, प्रयत्न मनात असतो. पंचाने मनात कसे शिरायचे? समजा, माझ्या मित्राने शॉटचा नुसता बहाणा केला आणि समोरच्याच्या डोक्यावरून स्वतःलाच पास दिला, तर?"

"तर तुझी शिट्टी बरोबर," सर म्हणाले. "हे ठरवायलाच तुला उभं केलंय. मनात शिरू नको. डोळे, खांदा, मनगट बघ. चेंडू कुणीकडं चाललाय बघ. मन तेवढ्यातच असतंय."

मला क्रिकेट आठवले. तिथेही पायचीत देताना चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पायाला लागला असेल, तर फलंदाजाने तो खेळण्याचा खराखुरा प्रयत्न केला होता का, हे पंचाला ठरवावे लागते. प्रयत्न केला असेल तर तो वाचतो. बॅट लपवून नुसता पाय पुढे केला असेल तर जाऊ शकतो. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम तुटला की नाही, हे पंच कानाने ओळखतो. नियम कितीही बारकाईने लिहिले तरी शेवटी एक जागा अशी उरतेच, जिथे एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे नीट पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

हे सगळे मी शिकत होतो. पण ज्याच्यामुळे शिकत होतो त्याला एक शब्दही सांगितला नव्हता. रोज बसमध्ये तो शेजारी बसायचा. मी पेपरांविषयी बोलायचो, पावसाविषयी बोलायचो, जे बोलायचे ते सोडून सगळे बोलायचो. मनाला समजावत होतो की आता सांगून काय उपयोग? सामना संपला, सही झाली, कप बी. ए.च्या वर्गात पोहोचला. तो काही परत येत नाही. हे सगळे खरे होते. आणि खऱ्या गोष्टींच्या आड लपता येते, हे मला त्या तीन आठवड्यांत कळले.

शेवटी सरांनीच एकदा विचारले, "त्याला सांगितलास काय?" मी खाली पाहिले. "कप परत देता येत नाही रे. सांगता तर येतंय."

त्या संध्याकाळी बस सुटल्यावर मी सांगितले. पुस्तकात काय आहे, मी काय लावले, सगळे. माझी अपेक्षा होती की तो चिडेल, नाहीतर हसून सोडून देईल. त्याने दोन्ही केले नाही. थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

मला काही कळेना. मग तो बोलू लागला. त्या दिवसापासून त्याच्या संघातली पोरे त्याला टोचत होती. खाली आपलाच एक जण मोकळा उभा होता, त्याला चेंडू घेऊ द्यायचा. स्वतः कशाला झेललास? कप्तानाला एवढा साधा नियम माहीत नाही? आणि त्यालाही ते पटले होते. "तू एवढ्या जोरात शिट्टी मारलास, मला वाटलं माझंच चुकलं. रात्री झोपताना तेच यायचं डोळ्यापुढं. सोडायला पाहिजे होता चेंडू, सोडायला पाहिजे होता." थोडे थांबून तो म्हणाला, "अगोदर का सांगितला नाहीस बे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्याचा थांबा आला. उतरताना त्याने पाठीवर थाप मारली नाही, पण "येतो" म्हणाला. रोज म्हणतो तसेच.

एका गुणाची हार पोरे विसरतात. पण ज्याच्या हाती शिट्टी असते तो चुकतो, तेव्हा तो नुसता गुण काढून घेत नाही. बरोबर वागलेल्या माणसाला तो स्वतःविषयीच संशय घ्यायला लावतो. आणि शिट्टी जेवढ्या आत्मविश्वासाने वाजते तेवढा तो संशय खोल जातो. दुसऱ्या दिवशी मी जिमखान्यात बी. कॉम.च्या पोरांना गोळा करून पुस्तक उघडून दाखवले आणि त्यांच्या कप्तानाचे काही चुकले नव्हते, माझे चुकले होते, असे सांगितले. एकाने विचारले, "मग कप?" सगळे हसले, मीही हसलो. पण माझा मित्र हसणाऱ्यांकडे पाहत होता, आणि त्याचे खांदे बऱ्याच दिवसांनी सैल पडलेले मला दिसले. डोळे, खांदा, मनगट बघायला मी तोवर शिकलो होतो.

आपल्याकडे परीक्षेला बसण्यालाही 'अटेम्प्ट'च म्हणतात. पहिल्या अटेम्प्टला विषय राहिला म्हणून तो अटेम्प्ट नव्हता असे विद्यापीठही म्हणत नाही. पुढच्या वेळी पुन्हा बसू देते. मला फिबाचा तो नियम आता तसाच वाटतो. तुझा नेम चुकला, चेंडू कुठेच लागला नाही, लोक हसले, असू दे. तू खरोखर रिंगकडे फेकला होतास ना? मग धाव, झेल आणि पुन्हा मार.

यंदा प्रथम वर्षाच्या मुलांचा सामना होता. एक बुटकासा मुलगा, साधारण माझ्याच उंचीचा, गर्दीतून उडाला. चेंडू रिंगच्या वीतभर अलीकडून खाली आला. तो मुलगा धडपडत गेला आणि त्याने तो गुडघ्याजवळ झेलला. भोवतालची पोरे एका सुरात ओरडली, "स्टेप! स्टेप!" त्या मुलाने झेललेला चेंडू छातीशी धरून माझ्याकडे पाहिले. आपले काही चुकले का, असे विचारणारी ती नजर मला ओळखीची होती.

शिट्टी माझ्या तोंडातच होती. मी ती वाजवली नाही. हाताने फक्त खूण केली, खेळ चालू.